गिरणेतला रस्ता

लिहा भाऊ, आधी हे लिहा की मी वेडी नाही. माहेर जामनेरकडचं, सासर भडगाव तालुक्यात, गिरणेच्या ह्या काठाला, जन्म गेला कापूस वेचण्यात, पण रस्ता कशाला म्हणतात एवढं मला कळतं.

उन्हाळ्यात नदी कोरडी, मग पुलाचा फेरा कोण घेतो, बठ्ठं गाव नदीतूनच गाड्या घालतं. पुतण्याचं वऱ्हाडबी तिथूनच गेलं, ट्रॅक्टरवर मीबी होते, हातात मोबाईल, नाचणाऱ्यांचा व्हिडिओ काढत. मुलगा म्हणे, आई, इतके फोन त्या वाटेनं गेले ना, फोनमधल्या नकाशानं तिला रस्ताच धरलं. म्हणजे आम्हीच शिकवलं मेल्याला! धरणातून पाणी सोडलं, नदी दुथडी, तरी ह्याचा रस्ता तसाच!

नेमकं तेव्हाच कपाशीत ह्यांना साप चावला. मोटरसायकलवर बसवावं तर मान धरवेना. मुलानं रुग्णवाहिकेला बजावून सांगितलं, पुलावरून या. ड्रायव्हर म्हणे, मॅप जवळचा दाखवतो ना. अन् आला तो समोरच्या काठावर! काय सांगू तुम्हाला, भरदुपार, गाडी दिसते, ड्रायव्हर दिसतो, मधी पाणी. मी इकडून शिव्या घालते, तो तिकडून फोन वर धरून दाखवतो. अरे मुडद्या, फोन काय दाखवतोस, पाणी बघ ना! हे खाटेवरून विचारत, गाडी उनी का? मी म्हटलं, उनी, उनी, आली बघा. ती पुलावरून फिरून येईपर्यंत ह्यांनी विचारणं सोडलं होतं.

मुलानं तीनदा तक्रार टाकली, उत्तर येतं, धन्यवाद. आग लागो तुझ्या धन्यवादाला! नकाशातली रेघ अजून तिथंच. म्हणून पाणी सुटलं की मी पहिल्या एसटीनं पलीकडच्या फाट्यावर जाऊन बसते, नदीकडं वळणारी गाडी दिसली की आडवी होते. लोक म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलं.

परवा आमच्या गावची पोरगी अडली होती, तिला न्यायला रुग्णवाहिका आली. ड्रायव्हर म्हणे, अक्का, सरका, रस्ता शे, मॅपवर आहे ना. मी बोनेटवर हात आपटला, उतर, आधी पाणी बघ. गेला मुकाट पुलावरून. बाळ-बाळंतीण सुखरूप, औक्षवंत होवो लेकरू.

पण घरी येऊन ती खाट बघितली अन् ढसाढसा रडले. पुलाचा फेरा घेऊनसुद्धा गाडी वेळेत पोचली हो भाऊ. वेळेत!