शेठच्या गादीची शिवण

वाकळी शिवायची ही मिशिन म्या कशी आणली, ठाव हाय का? निजामाचं राज होतं तवा. नळदुर्गच्या दुकानात आमच्या मालकांना एक चकचकीत मिशिन पसंत पडली. म्या पिशवीतून जाड वाकळ काढली. "शेठ, आधी हिच्यावर टीप मारून दावा."

सुई खट्‌कन मोडली. दुसऱ्या मिशिनीची बी तीच गत.

शेठ हसले, "अक्का, वाकळ हातानंच शिवायची असती."

मालक निघायला उठले. माझी नजर मातुर शेठच्या बुडाखालच्या जाड गादीवरल्या मिशिनीच्या टिपेवर. "मंग ही गादी कशावर शिवली?"

शेठ चाचरले. "आतल्या जुन्या मिशिनीवर. पण ती विकायची न्हाय, घरच्यासाठी हाय."

"मला बी घरच्यासाठीच पायजे. आना भाईर!"

येताना बैलगाडीत मिशिन मधी वाकळीवर बसली, आन् मालक कडंला!