मशीन नाकारणारीचा बाप

बाळाला लस टोचून घ्यायला सरकारी दवाखान्यात बसले होते. आमचा नंबर हुकेल या धास्तीनं कान दाराकडे होते, पण मागच्या बाकावरचे दोन म्हातारे दोस्त ऐकू येतच होते.

"लेक आमदार, आणि तू स्कॅनसाठी शेजारच्या शहरात जाणार?"

"दवाखान्याची बस नेते की."

"इथं मशीन येत होतं. तिनंच नको म्हटलं."

"तिथलं एक दोन्ही शहरांना पुरतं. दुसरं काय फीत कापायला आणायचं? त्याच पैशात इथली औषधं फुकट झाली. तुझी साखरेची गोळीसुद्धा."

"गोळी कोण बघतो? मशीन दिसतं. लोक खवळलेत. पडेल या वेळी."

"ठाऊक आहे तिला."

"बापाचं मत तरी मिळेल ना?"

"कसलं मिळतंय. मतदानाच्या दिवशीच माझं स्कॅन आहे. बस पहाटे निघते, रात्री परतते, आणि डॉक्टर म्हणतात, आता लांबवू नका."

"मग आधीची तारीख घे. तिचा एक फोन पुरे."

"म्हटलं होतं तिला."

"मग?"

"नाही म्हणाली. दुसऱ्या कुणाला तरी मागं ढकलावं लागेल म्हणे."

"आणि तू हसतोस काय?"

"अगदी माझ्यावर गेलीय."