एक कप मैदा

शिक्षिका : ...तर तुझंच बरोबर होतं, एवढं सांगायला आले मी.

बेकरीवाली : कशाचं, बाई? ती खोकी सरकवा आणि बसा आधी.

शिक्षिका : पाकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचं. एक कप मैदा म्हणजे किती ग्रॅम? तू लिहिलंस सव्वाशे. मी लाल पेनानं खोडून अडीचशे केलं.

बेकरीवाली : नुसतं खोडलं नाहीत. ‘जिला मैदा मोजता येत नाही, तिनं भट्टीपाशी यायचं नाही,’ म्हणालात. सगळ्यांचे केक फुगत होते आणि मी भिंतीला टेकून उभी.

शिक्षिका : कपात पाणी अडीचशे ग्रॅम बसतं, म्हणून मैदाही तेवढाच, असं मी धरून चालले होते. मैदा हलका असतो, पोकळ पडतो, हे डोक्यातच आलं नाही. आणि वर्गात आपण सगळं कपानंच घ्यायचो. केक बिघडायचे नाहीत, मग चूक दिसणार कुठून?

बेकरीवाली : मला दिसली होती. वाण्याकडे तोलून आले होते मी. सांगितलंही तुम्हाला.

शिक्षिका : हो. ‘आता वाणी मला शिकवणार का?’ असं म्हणाले होते मी.

बेकरीवाली : वर्ग काय हसला होता!

शिक्षिका : अगं, पण पुन्हा परीक्षेला बसायचं होतंस.

बेकरीवाली : बसवणार कोण? बाबा म्हणाले, पोरीला साधं पीठ मोजता येत नाही, वर आणखी फी कशाला? वर्षाच्या आत लग्न. आणि सासर कसलं, तर बेकरीवाल्यांचं! माझा निकाल इथे माझ्याआधी येऊन बसला होता. चोवीस वर्षं झाली, काट्याला हात लावू दिलेला नाही मला कुणी. दीर मोजतात, मी खोकी बांधते. आता लेकसुद्धा म्हणते, ‘आई, तू राहू दे, चुकशील.’

शिक्षिका : नको गं असं बोलूस. परवा नात नवा काटा घेऊन आली, तिनं मैदा तोलला आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

बेकरीवाली : परवा?

शिक्षिका : परवाच. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

बेकरीवाली : माझी धाकटी बहीण पुढच्याच वर्षी तुमच्या वर्गात होती, बाई.

शिक्षिका : असेल. इतक्या मुली...

बेकरीवाली : तिच्या वहीत लिहिलं होतं, एक कप मैदा, सव्वाशे ग्रॅम. खाली तुमची सही.



शिक्षिका : तुझ्या प्रात्यक्षिकाच्याच संध्याकाळी तोलून पाहिला होता मी.

बेकरीवाली : मग?

शिक्षिका : निकाल दोन दिवसांनी जायचा होता.

बेकरीवाली : म्हणजे गेलाच नव्हता?

शिक्षिका : मोठ्या बाईंना काय सांगणार होते? सोळा वर्षं चुकीचं शिकवलं म्हणून? वाटलं, पोरगी हुशार आहे, पुन्हा बसेल, सुटेल. मला माफ कर गं.

बेकरीवाली : माफीचं राहू द्या. पुढे गल्ल्यावर लेक बसलीय माझी. तिला एवढंच सांगा, तुझ्या आईचं बरोबर होतं.

शिक्षिका : तिला? लहान आहे ती अजून.

बेकरीवाली : अठराची आहे. मी सतराची होते.

शिक्षिका : बरं. सांगते. जाता जाता सांगते.

मुलगी : या आजी, काय देऊ?

शिक्षिका : बाळ, मी तुझ्या आईची...

मुलगी : हां?

शिक्षिका : ...बन आहेत का गं? सहा दे. मऊ बघून दे.

मुलगी : सगळे मऊच आहेत. हे घ्या.

शिक्षिका : देव भलं करो तुझं.

मुलगी : आई, आत बसल्या होत्या त्या आजी कोण गं?

बेकरीवाली : गिऱ्हाईक.