चार बोटं आखूड

कुमासी शहरातल्या एका गॅरेजात म्हातारे अजेमांग आपल्या गाडीच्या सायलेन्सरचा पाइप बसायची वाट बघत होते. समोर मिस्त्री ओपोकू डापा नावाच्या दुसऱ्या गिऱ्हाइकावर उखडला होता.

“पाइप घरी कापायला कुणी सांगितलं? चार बोटं आखूड झालाय!”

“वर पत्रा गुंडाळा, मिस्त्री. उद्या अक्राला बायकोचं ऑपरेशन आहे.”

“सांध्यातून धूर आत शिरेल. ती बसणार कुठे?”

“बसवत नाही तिला. मागे झोपवून नेणार.”

“पाच तास? मग मी हात लावणार नाही.”

“दुसरा पाइप द्या की!”

“आज रविवार, दुकानं बंद. या मापाचा एकच आहे, तोही या अजेमांगबाबांचा.”

डापा अजेमांगांकडे वळला.

अजेमांग म्हणाले, “त्याच्या गाडीलाच लाव तो.”

“आणि तुमची गाडी, बाबा?”

“राहू दे. मागे झोपणारं आता कुणी नाही.”