आवाज बंद करून पाहिलेला पूल

समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या संस्थेचे उपाध्यक्षसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या नागरिकशास्त्राच्या बाई, सहकारी, पालक, आणि मागच्या रांगेत उगाच खोकणारे माझे विद्यार्थी,

बाईंविषयी बोलायचं तर निवडणुकीच्या जाहिरातींपासूनच सुरुवात करावी लागते. बाई वर्गात जाहिरात आधी आवाज बंद करून दाखवत, मग डोळे मिटून नुसती ऐकायला लावत. नंतर विचारत, "दिसलं काय, आणि वाटलं काय?" मी चित्रकलेचा शिक्षक. प्रोजेक्टर लावून द्यायला जायचो आणि तिथेच रेंगाळायचो.

अध्यक्षसाहेब निवडणुकीला उभे होते ते वर्ष आठवतंय ना? साहेब हसताहेत, म्हणजे परवानगी आहे! तर, त्यांच्या जाहिरातीत अंगावर काटा आणणारं संगीत, नव्या पुलावरून धावणाऱ्या गाड्या, आणि खणखणीत आवाज: "पूल झाला, शब्द पाळला!" आम्ही भारावून गेलो. बाईंनी आवाज बंद करून तीच पुन्हा लावली. बेकरीवाल्याची मुलगी उठली.

"बाई, दार चेपलेली ती गाडी आमची आहे. तीनदा गेली, पण परत येताना दिसतच नाही."

"मग परत आली कशी?"

"रिव्हर्समध्ये. पुढे पूलच नव्हता ना!"

वर्ग हसून लोटपोट झाला. बाहेर मात्र गहजब! बाईंनी माफी मागावी, नाहीतर नोकरी सोडावी, इथपर्यंत गोष्ट संस्थेच्या सभेत गेली. बाई मात्र त्या सभेत विरोधकांची जाहिरातही घेऊन आल्या. मुलांनी तीही तपासली होती. रडवेलं संगीत, कठड्याला ही भलीमोठी भेग. आवाज बंद केल्यावर दिसलं, कठडा हिरवा आहे. आपल्या पुलाचा पिवळा! भेग भलत्याच पुलाची होती.

"मी कुणाच्याच बाजूची नाही," बाई म्हणाल्या, "तुम्हीच बघा."

सभेने दोन्ही जाहिराती आवाजाविना पाहिल्या. मग साहेबच उठले. "माझी जाहिरात आजच काढा. बाई कुठेही जाणार नाहीत." दुसऱ्या दिवशी विरोधकांनीही मुकाट्याने आपली काढली. जिंकल्या आमच्या बाई! साहेब ती निवडणूक हरले, पुढची जिंकले, आणि पूल खरोखर पुरा केला. आज तुमच्यातले निम्मे त्यावरूनच आलात. जातानाही सरळच जाल!

आता मुलांनी बाईंवर केलेली चित्रफीत बघायची आहे. तिच्यात व्हायोलिन आहे, 'थोर', 'महान' सगळं आहे. बाईंच्या शिस्तीप्रमाणे काल मी ती आवाज बंद करून पाहिली. जुने विद्यार्थी एकेक करून समोर येतात, बोलायला तोंड उघडतात, आणि डोळे पुसत बाजूला होतात. बेकरीवाल्याची मुलगी तर नुसतीच हात जोडून उभी आहे.

बाई, तपासली. खरी आहे.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात माझ्याकडून काही जास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावं. आता दिवे मालवा आणि फीत लावा. आवाज नंतर.