पिस्करी

(१९७८. आंधळगावजवळच्या एका शेतातली बोडी, म्हणजे लहान तलाव. पाळीवर सखाबाई ढिवरीण, ठेकेदाराचा माणूस भय्याजी आणि निवृत्त इंग्रजी शिक्षक तुलाराम मास्तर.)

भय्याजी : ...तर मासे धरनं आजपासून बंद. इथं अंगठा लाव, सखाबाई. बोडी ठेकेदारानं इकत घेतली.

सखाबाई : बोडी कोन मांगून राहिला? आमी मासोऱ्या धरतो.

भय्याजी : बोडी ज्याची, मासे त्याचे.

सखाबाई : आमच्या जुन्या कागदात तसं नाही. माह्या आजसासऱ्यानं ही पाळ बांधली, तवा जमिनीच्या मालकानं, मालगुजारानं, इंग्रजीत लिहून देल्लं.

भय्याजी : तो कागद मीच वाचून दाखवला ना तुले. त्यात ‘पिस्करी’ लिवलं आहे. असा शब्दच नाही इंग्रजीत. मी डिक्शनरी पाह्यली. लिवनाऱ्याची चूक आहे ते.

सखाबाई : म्हनून मास्तरले आनलं. सांगा, मास्तर.

मास्तर : भय्या, तुझी डिक्शनरी शाळेतली. हा शब्द जुना, कोर्टकचेरीतला. मलाही येत नव्हता, खोटं कशाला बोलू. भंडाऱ्याला तीन चकरा मारल्या. एका म्हाताऱ्या वकिलाकडे वाळवी लागलेला कोश होता, त्यात सापडला. पिस्करी म्हणजे दुसऱ्याच्या पाण्यात मासे धरायचा हक्क.

भय्याजी : असंल. इंग्रज गेला, त्याचा शब्दबी गेला.

सखाबाई : मंग त्याच कागदात बोडी मालगुजाराची लिवली आहे, ते कसं राह्यलं? त्याच्याच भरवशावर मालगुजाराच्या नातवानं तुमाले इकली ना? अर्धा कागद जिता अन् अर्धा मेला, असं रायते का?

भय्याजी : लय बोलून राहिली तू. मास्तर, तुमचा जावई आमच्या ट्रकवर आहे. जरा इचार करा.

सखाबाई : मास्तर, तुमी जा घरी. अर्थ मले समजला. तहसीलदारापुढं मी सांगीन.

मास्तर : तुम्ही सांगालच. पण लिहून मी देईन, खाली माझी सही करून. जावयाला काल रात्रीच सांगितलं.

भय्याजी : काय म्हनला?

मास्तर : जेवला नाही. सकाळी ट्रकची चावी तुमच्या फाटकावर ठेवून आला.

भय्याजी : अंगठा नाही देत मंग?

सखाबाई : नाही देत. ठेकेदाराले सांगा, बोडी त्याची आहे. आमी कुठं नाही म्हनतो? पन पिस्करी आमची.

भय्याजी : उद्या पोलीस घेऊन येतो.

सखाबाई : या. दोन-चार मानसं जास्त आना, आमी बाया लय आहोत.

मास्तर : गेला. खरंच आणेल हो तो पोलीस.

सखाबाई : आनू द्या. जाळ्याचं ते टोक धरा जरा. माही जाऊ आली नाही आज.

मास्तर : मी कधी धरलं नाही.

सखाबाई : धोतर वर खोचा, मास्तर. पानी गुडघ्याएवढंच आहे.