चिनी काढ्याला फोडणी

आईशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, एक सोडून.

माझ्या ॲसिडिटीवर मेहुण्याने सिंगापूरहून चिनी झाडपाल्याच्या पुड्या आणल्या. "जळजळ जाईपर्यंत बांगड्याचं कालवण बंद," सुमाने, म्हणजे आमच्या बायकोने, बजावलं. बोरीवलीत राहून बांगडा नाही! मी नाक दाबून तो कडू काढा प्यायला लागलो. एका सकाळी घोट घेतला आणि घशापासून पोटापर्यंत आग.

"सुमे, यात काय घातलंस?"

"किती तोंड वाकडं करतोस रे रोज! म्हणून लसूण-मिरचीची फोडणी दिली." ती आशेने बघत होती. "जळजळ कशी आहे आता?"

"गेली!" मी डोळे पुसत म्हटलं.

संध्याकाळी ताटात बांगडा आला.

मी रचलेला शब्द एकच: 'गेली'.